चपला काढून टॅक्सीत बसलेले काका

मंडळी, मुलींच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी विकल्या जाणाऱ्या त्या छोट्या विनोदी प्रवासवर्णनाच्या पुस्तकावर परवा मी इथंच, आपल्या व्हॉट्सॲप गटावर, अभिप्राय टाकला होता. त्यातल्या, महाबळेश्वरला चपला रस्त्यावर काढून टॅक्सीत बसलेल्या काकांना मी 'अडाणी नमुना' म्हटलं. तुम्हीही पोट धरून हसलात.

आज आष्ट्यातल्या माझ्या पुस्तकांच्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ आले.

"तुमी लिवलेलं नातीनं वाचून दाखवलं. त्यो नमुना मीच. आवं, गाडी लय स्वच्छ हुती, म्हणून काढल्या चपला. असू द्या, पोरींचं भलं हुतंय. त्येच पुस्तक एक द्या."

माझी मान वर होईना.

ते निघाले तेव्हा दिसलं, माझ्या दुकानाच्या पायरीखालीही त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या.

माझा अभिप्राय मी पुसलाय. तुम्ही पुढं पाठवलेला कसा पुसू?