उन्हाची भट्टी

जव्हारच्या युसुफ कल्हईवाल्याचं सारं आयुष्य विस्तवाशेजारी गेलेलं. भाता मारायचा, कोळसे फुलवायचे, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचं. आपण पेटवल्याशिवाय विस्तव पेटत नाही, एवढी एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, लग्नसराईच्या तोंडावर, तो सूर्यमाळच्या एका पाड्यावर गेला. पाड्याची सामाईक भांडी दरसाल तोच उजळून द्यायचा. येसूच्या अंगणात त्याला एक भलतीच वस्तू दिसली. उलट्या छत्रीसारखी, आतून आरशाच्या पत्र्याची, लोखंडी पायांची.

"हे काय गं, येसू?"

"सूर्यचूल. शहरातली माणसा ठेवून गेली. उन्हावर भात शिजतो, बोलली. पाय मोडला, तवापासून पडलीय."

युसुफ हसला. "उन्हावर भात? मग मी काय खाऊ, राख?"

पण मोडकं लोखंड दिसलं की त्याला राहवत नसे. त्यानं ती वळचणीपाशी ओढली, तारेनं पाय आवळला, उभी करून बघितली आणि भट्टीसाठी खड्डा खणायला पाठ फिरवली.

धुराचा वास आला. भट्टी तर पेटवलीच नव्हती. त्यानं वळून पाहिलं. वळचणीचं गवत एकाच ठिकाणी काळं पडलं होतं, आणि बघता बघता त्यातून जाळ उठला. कुणी बिडी टाकली म्हणावं, तर येसूही परसात गेलेली, आसपास चिटपाखरू नव्हतं. विझवायला त्यानं हात पुढे केला. तळव्यावर पांढरा लखलखीत ठिपका पडला आणि तो ओरडत मागे कोसळला.

"माझा घर जळला!" येसू धावत आली. हंडे कोरडे होते, झरा खाली दरीत. तिचा नवरा मंगळ्या कोयता घेऊन छपरावर चढला, पेटलेलं गवत ओढून खाली टाकू लागला. बाया माती फेकत होत्या. युसुफ मात्र बसल्या जागी थिजला होता. निम्मं छप्पर गेलं.

"चाचा, इस्तू आला कुठून?" मंगळ्यानं विचारलं.

युसुफनं चूल अंगणाच्या मध्ये ओढली, वाळलं पान काठीला टोचून आरशांनी एकवटलेल्या उन्हाच्या त्या ठिपक्यात धरलं. पान पेटलं. सगळा पाडा चार पावलं मागे सरला.

"दरीत टाका हिला!" युसुफच ओरडला.

"नाय," येसू म्हणाली. ती पुढे आली. "माझा घर जाळलान हिनं. आता माझ्या घरी राबू दे."

युसुफ तिथंच राहिला. मंगळ्याबरोबर गवत कापलं, छप्पर शाकारलं. मग उघड्या माळावर चूल मांडून त्यानं येसूचं पातेलं तिच्यावर ठेवलं आणि कथलाची कांडी आत टेकवली. कांडी ओघळली, पाण्यासारखी. ना भाता, ना कोळसा. त्याला कथील फिरवायचं भानच राहिलं नाही, येसूनं हाक मारली तेव्हा तो जागा झाला.

पुढं कित्येक उन्हाळे त्या पाड्याची लहान भांडी त्यानं उन्हावरच उजळली. येसूची आंबीलही त्या चुलीवर शिजू लागली. पण त्या पहिल्या खेपेला जव्हारला परतल्यावर त्यानं बायकोला, कनीजला, हे सगळं सांगितलं, तेव्हा तिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावला. ऊन लागलंय, म्हणत कांदा आणायला आत गेली.