आर्कान्सा सोडून

मर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं राबली होती आणि तिचा नवरा डेलबर्ट कापणीयंत्रं दुरुस्त करायचा. आयोवातल्या ओटमवा गावात दोघांचं लहानसं घर होतं. मूलबाळ नव्हतं. शाळेला सुट्टी लागली की डेलबर्ट गाडीमागे झोपण्या-राहण्याची सोय असलेला कॅम्पर जोडायचा आणि दोघं महिनाभर बाहेर पडायची. अशी त्यांनी एक्केचाळीस राज्यं पालथी घातली. मेन राज्यात बंदराच्या धक्क्यावर उभ्याउभ्या शेवंडं खाल्ली, डकोटात गारांनी कॅम्परच्या छपराला पोचे पडले, न्यू मेक्सिकोतल्या पांढऱ्या वाळूत मर्नाचा एक बूट गेला तो गेलाच.

जवळच्या राज्यांपैकी फक्त आर्कान्सा राहिलं. तिथे डेलबर्टचा धाकटा भाऊ ग्लेन राहायचा.

सासूच्या शेवटच्या चार वर्षांत मर्नाने तिचं हगणंमुतणं काढलं होतं. उचलणं अशक्य झालं तेव्हा कुठे वृद्धाश्रमात ठेवली, तर दोन महिन्यांत ती गेली. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. ग्लेन हातात ताट धरून सगळ्यांदेखत म्हणाला, "आईला घराबाहेर काढलं नसतं, तर आज ती आपल्यात बसली असती." ते वाक्य मर्नाच्या काळजात रुतून बसलं.

सहलीचा रस्ता ठरवायचं काम तिचंच. टेक्सासला जायचं तर ती आर्कान्सा टाळून कॅन्सस, ओक्लाहोमावरून उतरायची. लुइझियानाला जायचं तर मिसिसिपीतून. डेलबर्ट एखादे वर्षी हळूच सुचवायचा, की ग्लेनचं घर वाकड्या वाटेला नाही, जेवणापुरतं थांबू. ती म्हणायची, तिकडे डोंगरातले रस्ते अरुंद, कॅम्पर कसा नेणार? तो 'बरं' म्हणायचा. पुन्हा वर्षभर विषय नाही.

ऑक्टोबरात ग्लेनच्या बायकोचा, ओपलचा, फोन आला. ग्लेन अंगणात लाकडं फोडता फोडता कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही.

दोघं कॅम्पर घेऊनच गेली. रस्ता चांगला रुंद होता. कॅम्पर कुठे लावू, असं डेलबर्टने विचारलं तेव्हा ओपल त्यांना घरामागे घेऊन गेली. तिथे खडी टाकून सपाट केलेली जागा होती, शेजारी पाण्याचा नळ, विजेची पेटी. "तुमच्यासाठीच केलीय," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली. दर वसंतात तण उपटायचा."

मर्नाने कसंबसं विचारलं, "मग एकदा फोन का नाही केला त्याने?"

"लाज वाटायची त्याला. त्या दिवशी तोंडातून भलतंच गेलं, हे घरी पोचायच्या आत कळलं होतं त्याला. मी म्हणायचे, पत्र लिही. तर म्हणायचा, ती येईल तेव्हा समोरच बोलेन."

ओपल पाहुण्यांकडे गेली. डेलबर्टने नळ सोडून पाहिला, बंद केला आणि तिथेच उभा राहिला.

"माझ्यामुळे झालं हे, डेल," मर्ना म्हणाली. "तू एकटा तरी यायचंस रे. मी अडवलं नसतं."

"तुला घरी ठेवून कुठे गेलोय मी कधी?" तो म्हणाला.

टोमणा असता तर तिने सोसला असता. पण तो अगदी सरळपणे बोलला होता, पाऊस थांबला म्हणून सांगावं तसा. ती तशीच कॅम्परच्या पायरीवर बसली. घरातून कोणी जेवायला बोलावलं तेव्हा डेलबर्टनेच तिचा हात धरून तिला उठवलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिने ओरेगनचं नाव काढलं. गुडघे दुखतात, डेलबर्ट म्हणाला. जुलैत त्याने कॅम्पर एका तरुण जोडप्याला विकून टाकला. गुडघे खरंच दुखतात का, हे मर्नाने त्याला विचारलं नाही.