पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

लोअर हट शहरातल्या प्रयोगशाळेत डेस हॅलिडेचा दरारा होता तो एका प्रश्नामुळे. चुंबकाच्या खोलीचं दार अडवून तो येईल त्याला विचारायचा, "छातीत यंत्र-बिंत्र काही?" मंत्री असो की नळ दुरुस्त करणारा, उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. हृदयाला ठोके देणारं यंत्र ज्याला बसवलंय, त्यानं जमिनीवरची पिवळी पट्टी ओलांडायची नाही. पलीकडे चुंबकाच्या ओढीनं त्या यंत्राचा ताल बिघडू शकतो. पट्टी डेसनंच ऐन उमेदीत आखली होती, आणि तिचा त्याला फार अभिमान.

आता तसलंच यंत्र त्याच्या डाव्या खांद्याखाली होतं. रजा काढून बसवून घेतलं आणि कामावर येऊन मासेमारीच्या थापा मारल्या. "आज तरी सांग," असं बायको रोज बजावायची. पण सांगितलं की चुंबक सुटलं, आणि चुंबकाखेरीज त्याला येत काय होतं? घरी बसून टोमॅटोला पाणी घालायचा नुसता विचारही त्याला नकोसा व्हायचा.

"डेस, झाली माझी राणी तयार!" सिनी वाइपुलू बारीक काचेची नळी घेऊन आली. मूळची टोंगा बेटांवरची ही बाई कायम शेवाळातल्या साखरेच्या मागे. नळीत होती ती कारेंगो शेवाळाची साखर, शेकडो कड्यांची चिकट साखळी. कुठली कडी कुठल्या कडीला नेमकी कुठे जोडलेली, ते चुंबकच सांगणार होतं. त्याच्या पोटात साखरेतला हायड्रोजन जागेप्रमाणे वेगवेगळी खूण देतो आणि पडद्यावर तिची शिखरं उमटतात.

"खांदा धरलाय. तूच सोड आत," डेस पट्टीच्या अलीकडे पडद्यासमोर बसून म्हणाला.

"परवा कंबर, आज खांदा. तुला आता मोडीतच काढायला हवं!"

तिनं नळी हवेच्या झोतावर ठेवून अलगद आत सोडली. पडद्यावर शिखरं कसली, नुसता चिखल. नळी अर्ध्यातच अडली होती. सिनी खटपट करू लागली.

"हलत नाहीये रे! ये ना, तुझ्या हाताला ते ऐकतं. फुटली तर माझी वर्षभराची मेहनत गेली!"

डेस उठला. पट्टीपाशी येऊन थांबला. मिनिटभराचं तर काम, कोणाला कळतंय? नळी फुटली तर चुंबकाच्या पोटातली नाजूक तारही जाईल. त्यानं पाय उचलला, आणि त्याचा हात आपसूक खांद्याखाली गेला.

सिनीनं ते पाहिलं. नळी तशीच सोडून ती आली आणि पट्टीवर त्याच्यासमोर उभी राहिली. चेष्टा पार विरली होती.

"छातीत यंत्र-बिंत्र काही?"

एवढ्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"आहे," तो म्हणाला, आणि पाय मागे घेतला.

त्याची खुर्ची ओढून सिनीनं पट्टीच्या अगदी कडेला, अलीकडच्या बाजूला ठेवली आणि परत चुंबकाकडे गेली.

"बस तिथे आणि सांग. नळी वर यायला हवा किती सोडू?"

"थोडी," डेस म्हणाला. "घाई करू नकोस."