तेलाचा हात

हात थरथरू लागल्यावर मिस्त्रींनी रंधा भिंतीला टांगला. कानामागची पेन्सिल मात्र तिथेच राहिली. घरात त्यांच्या वडिलांच्या हातची एकच आरामखुर्ची उरली होती. एके काळी शहरातल्या कितीतरी घरांत त्या घडणीच्या खुर्च्या होत्या. आता तसे वाकवलेले लाकूड कोणाला जमत नव्हते, मिस्त्रींनाही नाही. ते वळण आपल्यामागे टिकावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

मिस्त्रींची लेक शर्यतीच्या सायकलींच्या कारखान्यात कार्बन फायबरचे काम करी. ती म्हणाली, "बाबा, खुर्ची द्या. तिच्यावरून साचा काढते. आजोबांची खुर्ची कार्बनमध्ये होईल. एका बोटावर उचलाल."

"ती खुर्ची कसली? पंखा लावला की माणसासकट उडायची!"

"माणूस तुमच्यासारखा काडीपैलवान असला, तर उडणारच."

मिस्त्री हसले. मग हळूच विचारले, "हिला धक्का नाही ना लागणार?"

"आधी मेण लावतात, बाबा. साचा अलगद सुटतो. जशीच्या तशी परत आणते."

टेम्पो येण्यापूर्वी मिस्त्रींनी जुने फडके काढले आणि खुर्चीला तेलाचा हात दिला. तेल दिल्याशिवाय खुर्ची उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, ही वडिलांची शिस्त होती. त्यात लेकीला सांगण्यासारखे काही आहे, असे त्यांच्या मनातही आले नाही.

कारखान्यात लाकूड आतून तेल सोडत राहिले आणि मेणाला धर मिळाला नाही. साच्यासाठी चढवलेले कार्बनचे थर वाळले ते लाकडाला घट्ट चिकटून. साचा सोडवायला पाचरी ठोकल्या, तेव्हा खुर्ची चिरफाळली आणि साचाही फाटला.

लेकीने तुकडे पोत्यातून आणले. "बाबा, हिला काही लावलं होतं का?"

"तेल. नेहमीसारखं."

तिने पोते भिंतीशी टेकवले. दोष द्यायचा म्हटला तरी कोणाला देणार? शेवटी म्हणाली, "मापं तरी असतील ना कुठे?"

"मापं कशाला लिहायची? पहिली समोर ठेवून दुसरी करायची. माप तिच्या अंगावरच होतं."

मिस्त्री खाली बसले. कानामागची पेन्सिल काढून फरशीवर त्यांनी पाठीचे वळण काढायला घेतले. रेघ मध्येच हलली.

"अशी होती," ते म्हणाले. मग तळव्याने रेघ पुसली. "नाही. अशी नव्हती."