गाडीचा नंबर नको, इंजिनाचा सांगा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. सातिवलीच्या आमच्या गाळ्यात कपाटांवर न विकलेल्या मालाचे खोके साठत जातात, तसेच हेही साठले. घरी जेवताना एखादा सांगितला की नवरा म्हणतो, "हा मागच्या महिन्यात सांगितलास." मग मी दुसरा काढते. अजून संपलेले नाहीत!

आमच्याकडे जुन्या परदेशी गाड्यांचे पार्ट मिळतात. म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे बघून लोक रस्ता सोडायचे आणि आता ज्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे नांदतात, त्या गाड्या. काउंटरवर मी असते, स्नेहल. बाजूच्या गाळ्यात मेल्विनभाऊंचं गॅरेज. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. मला ते 'बाय' म्हणतात. आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो ऑइल फिल्टर आणि सगळ्यात जास्त डोकं खातो तोही ऑइल फिल्टरच. एकाच मॉडेलला, एकाच वर्षात तीन-तीन वेगळे! बाहेरून बघाल तर सख्खे भाऊ.

*

सुरुवातीच्या दिवसांतला फोन.

"मॅडम, ऑइल फिल्टर पाहिजे."

"कुठल्या गाडीचा?"

"काळ्या."

"रंग नको हो. मॉडेल कुठलं?"

"फुल ऑप्शन."

"अहो, पेट्रोल की डिझेल? इंजिन नंबर आहे का? गाडी नक्की कुठली आहे?"

मग एकदम नम्र आवाजात, "साहेबांची आहे."

*

एकदा एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. काउंटरवर मला बघून आत डोकावले, परत मला बघितलं.

"कोणी माणूस नाही का?"

म्हटलं, आहे ना. बाजूला जाऊन मेल्विनभाऊंना बोलावलं. ते हात पुसत आले. गृहस्थांनी पंधरा मिनिटं गाडीची कुंडली सांगितली. कुठून घेतली, कोणी चालवली, किती ॲव्हरेज देते. भाऊंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. गृहस्थ थांबले, तसे भाऊ माझ्याकडे वळले.

"बाय, यांना कुठला लागेल?"

मी सांगितला. भाऊ परत गेले. त्या गृहस्थांनी त्यानंतर मला कधी काही विचारलं नाही. नुसता इंजिन नंबर लिहिलेला कागद पुढे करतात.

*

वटारचे एक वाडीवाले काका आहेत. केळी, पानवेली, थोडा मोगरा. भाच्याने मुंबईहून जुनी जर्मन गाडी आणून दिली आणि स्वतः परदेशी गेला. काकांनी ती कामाला लावली. मागच्या सीटवर पानांच्या करंड्या! आत बसलं की देवळात गेल्यासारखा वास यायचा.

गाडी तापायला लागली म्हणून ते आले. मेल्विनभाऊंनी फिल्टर बाहेर काढला, तर त्यातला तेल गाळायचा कागद चेपून आत बसलेला आणि वर काळा चिखल.

"काका, हा कधी बदललेला?"

"बदलायचा असतो?"

मी काहीतरी बोलणार होते. भाऊंनी हातानेच थांबवलं. त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या विहिरीचा गाळ कधी काढता?"

"दरसाल. पाऊस लागायच्या आधी."

"पण पाणी तर येत असतं ना? मग कशाला काढता?"

काका हसले. "पाणी येतंय तोवरच काढायचा. बंद झाल्यावर काय उपयोग?" आणि बोलता बोलता थांबले. त्या काळ्या गोळ्याकडे बघत राहिले.

"गाडीच्या पोटातपण विहीर असते, हे भाच्याने सांगितलंच नाही मला."

काकांनी तो जुना फिल्टर कागदात बांधून घरी नेला. कशाला, ते मी विचारलं नाही. पण आता दर मे महिन्यात विहिरीवरची माणसं वाडीतून गेली की दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या दारात.

*

हा माझ्या चुकीचा आहे. सांगायला आवडत नाही, पण सांगते.

फुलपाड्यातला प्रथमेश. नोकरी मुंबईत, गाव चिपळूणच्या पुढे. कॉलेजपासून ज्या गाडीचं पोस्टर भिंतीवर लावलं होतं, तीच गाडी सोळा वर्षं जुनी झाल्यावर त्याने घेतली. वडिलांना अजिबात पसंत नव्हती. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. "दुसऱ्याने टाकलेलं घोडं," म्हणाले आणि सहा महिने गाडीत बसले नाहीत. शेवटी आईने मध्यस्थी केली. गावी पूजेला सगळ्यांनी याच गाडीने जायचं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी प्रथमेश फिल्टर न्यायला आला. त्याच्या इंजिनाचा माझ्याकडे नव्हता. त्याच घराण्यातला होता, हुबेहूब दिसणारा. मी दोनदा फिरवून बघितला आणि म्हटलं, "चालेल."

तो घेऊन गेला. घराजवळच्या गॅरेजमध्ये बसवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नंबरचा माल आला. मी तो आणि काल दिला तसलाच दुसरा, असे दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. मेल्विनभाऊ चहा घ्यायला आले होते. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं, खिशातून नाणी काढली आणि बुटक्या फिल्टरवर एकावर एक दोन ठेवली. तेव्हा कुठे दोघांची उंची सारखी झाली.

"एवढ्या फटीतून तेल न गाळताच जाणार, बाय. कोणाला दिलास?"

मी लगेच फोन लावला. प्रथमेश म्हणाला, "पनवेल सोडलं ताई! आई-बाबा मागे बसलेत. एसी एकदम मस्त!" त्याच्या आवाजातला आनंद ऐकून मला ते सांगवेना. पण सांगितलं. माझी चूक आहे, हेही सांगितलं.

भाऊंनी फोन घेतला. "घाबरू नको. हळू चालव, जोर देऊ नको, गावी पोच आणि तिथेच उभी कर. फिल्टर येतोय."

मी स्वतः एसटी डेपोत जाऊन चिपळूणच्या गाडीत पार्सल टाकलं. दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोन आला. प्रथमेश नव्हता, वडील होते.

"मॅडम, फिल्टर मिळाला. मीच बसवला. रबराच्या रिंगा बदलल्या, थोडं तेल लावून घेतलं त्यांना. इंजिन चांगलं राखलंय हो मागच्या माणसाने."

मी माफी मागायला लागले.

"असू दे. चूक झाली तर झाली, तुम्ही फोन तरी केलात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगा परवापासून माझ्या मागेमागे आहे. बाबा हे काय, बाबा ते काय. शाळेत असताना करायचा तसा." आणि लगेच आवाज चढवून, बहुतेक पोराला ऐकू जावं म्हणून, "फिल्टर बरोबर आहे! गाडी चुकीची घेतलीय!"

तेव्हापासून 'चालेल' हा शब्द मी काउंटरवर उच्चारत नाही.

*

देसाई सर रिटायर झालेले मुख्याध्यापक. त्यांनी चाळीस वर्षं जुन्या मित्राकडून गाडी विकत घेतली. "एकहाती गाडी! सगळं ओरिजिनल!" असं सर कोणालाही अडवून सांगायचे.

त्यांना मी आरसी बुकवरच्या इंजिन नंबरप्रमाणे फिल्टर दिला. तो परत आला. दुसरा दिला, तोही परत. माझ्यावर तर शाळेत उभं राहिल्यासारखी वेळ आली. शेवटी म्हटलं, सर, गाडीच घेऊन या.

मेल्विनभाऊ बॉनेटमध्ये वाकले. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून इंजिनाच्या एका कोपऱ्यावरचा थर पुसत राहिले. नंबर उघडा झाला. मी आरसी हातात धरून वाचत होते. एकही आकडा जुळेना.

"सर, हे इंजिन या गाडीचं नाही," भाऊ म्हणाले. "मध्ये कधीतरी बदललंय. काम चांगलं केलंय, पण कागदावर चढवलेलं नाही."

सर म्हणाले, "शक्यच नाही. तो मला सांगितल्याशिवाय..." त्यांनी चष्मा काढून पुसला. परत लावला. मला वाटलं आता फोन करतील, ओरडतील. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली.

सर बसले आणि म्हणाले, "गाडी देताना रडला होता हो तो. मला वाटलं, गाडीसाठी रडतोय."

भाऊंनी हळूच बॉनेट खाली केलं.

"आरसीवर नोंद करायला काय लागतं ते मला लिहून द्या. मी करून घेतो." मग उठले. "आणि एक विनंती आहे. तो दर रविवारी येतो, आम्ही समुद्रापर्यंत चक्कर मारतो. एखाद्या वेळी इथेही येईल माझ्याबरोबर. मला हे कळलंय, ते त्याला कळू देऊ नका."

पुढे खरंच दोघं आले एका रविवारी. मी फिल्टर काढून दिला. सर मोठ्याने म्हणाले, "बघ, पहिल्या झटक्यात बसतो! ओरिजिनल आहे ना!" मित्र बाहेर रस्त्याकडे बघत उभा होता.

*

आणि हा गेल्या वर्षीचा.

आगुस्तीन अंकल आणि फिलोमिना आंटी. अंकल जन्मभर जहाजावर इंजिनियर होते. काचबिंदूने डोळे गेले, त्याला तीन वर्षं झाली. त्यांची जुनी गाडी आवारातल्या शेडमध्ये उभी होती. शेजारचा मुलगा आठवड्यातून एकदा चालू करायचा, तेवढंच. आंटींनी शेवटी ती विकायची ठरवली. गिऱ्हाईक मिळालं होतं, फक्त सर्व्हिस करून द्या म्हणत होतं. शेजाऱ्यानेच गाडी आमच्याकडे आणली. अंकल हट्टाने बरोबर आले. भाऊंनी त्यांना काउंटरजवळ खुर्ची दिली.

गाडी नेमकी अशा वर्षातली, की अर्ध्या वर्षात कंपनीने फिल्टर बदलला होता. इंजिनावरचा नंबर गंजून गेलेला. मी दोन फिल्टर काढून ठेवले आणि भाऊंना म्हटलं, "तुम्ही उघडून बघा आधी, मग देते."

"इकडे दे," अंकल म्हणाले.

मी दोन्ही त्यांच्या हातांत दिले. त्यांनी एकेकावरून अंगठा फिरवला. कागदाच्या घड्या चाचपल्या, उलटा करून खालचं तोंड बघितलं. बोटांनीच.

"हा. याला खाली खुंटी आहे. ती भोकात बसली नाही तर झाकण लागतच नाही. डोळ्यांनी शोधायला गेलं तर सापडत नाही ते भोक. हलकेच फिरवत राहायचं, मग आपोआप सापडतं."

आंटी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तुम्ही कधी फिरवलात?"

अंकलनी दोन्ही फिल्टर चाचपत काउंटरवर ठेवले.

"मी काय विचारते? कधी?"

"नाताळच्या आधी. एक शिल्लक होता माझ्या पेटीत."

"या नाताळच्या? तुम्हाला दिसत कुठे होतं?"

"तू बहिणीकडे गेली होतीस ना," अंकल म्हणाले. "आठ दिवस."

तेवढ्यात मेल्विनभाऊ आतून आले. हातात चिंधीवर काढलेला फिल्टर. खाली खुंटी, कागद जवळजवळ कोरा. "अंकल, हा कोणी बसवला? रिंगसुद्धा बरोबर खाचेत आहे. आमच्या हातूनसुद्धा कधी कधी..." आमच्या तोंडांकडे बघून तेही थांबले.

आंटींनी तो फिल्टर भाऊंच्या हातातून घेतला. तेल हाताला लागलं, पुसलं नाही. कितीतरी वेळ बघत होत्या.

"तरीच," त्या म्हणाल्या. "माझा पांढरा टॉवेल तेव्हापासून सापडत नाहीये."

अंकल खाली मान घालून हसले.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. गाडीच्या गिऱ्हाइकाचाच होता, स्क्रीनवर नाव मला दिसलं. आंटींनी बघितला, वाजू दिला. वाजून वाजून बंद झाला, तेव्हा तेलकट बोटाने काउंटरवरचा खुंटीवाला फिल्टर माझ्याकडे सरकवला.

"असे दोन द्या. एक यांच्या पेटीसाठी."