आरसा नसलेली खोली

त्याला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. सलूनच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं की हा सुरू. कापड झटकलं की बंद. अठ्ठावीस वर्षं हा कार्यक्रम अखंड चालू होता. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाच्या साहेबाला टक्कल पडतंय, कुठला डॉक्टर उगाच सुया टोचतो, सगळं त्याच्याकडे ताजं मिळायचं. आणि हे सगळं तो बोलायचा ते गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून, समोरच्या आरशात बघत. माणसाशी समोरासमोर बोलायची वेळ त्याच्यावर फारशी आलीच नव्हती. बायकोशीसुद्धा तो भांडायचा ते तिची पाठ असताना.

असा हा माणूस समुपदेशक बाईंच्या खोलीत पहिल्यांदा गेला आणि आधी त्याने आरसा शोधला. नव्हता. दोन खुर्च्या, समोरासमोर पण जरा तिरक्या. एक खिडकी. मध्ये बुटकं टेबल आणि त्यावर कागदी रुमालांचा डबा. तो डबा बघूनच त्याचं डोकं फिरलं. म्हणजे इथे माणसाला रडवतात, आणि वर तयारीही करून ठेवतात!

तो आला होता हाताची तक्रार घेऊन. दोन महिन्यांपूर्वी पोस्टमास्तरांची दाढी करताना त्यांच्या हनुवटीला जरासं कापलं. पोस्टमास्तर म्हणजे निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेले, पण आठवड्यातून दोनदा दाढीला हजर असणारे जुने गिऱ्हाईक. कापलं म्हणजे काय, रक्ताचा एक थेंब. त्याने सवयीने तुरटीचा खडा उचलला आणि हात असा थरथरला की खडा फरशीवर पडून दोन तुकडे झाले. त्या दिवसापासून वस्तरा हातात घेतला की हात लटलट कापायचा. कात्री चालायची, कंगवा चालायचा, मशीन चालायचं. फक्त वस्तरा नाही. शेवटी त्याने तो मिटून खिळ्याला टांगून ठेवला. पोस्टमास्तर मात्र हट्टाला पेटले. "दुसऱ्या कुणाच्या हातात मी गळा देणार नाही," म्हणाले आणि दाढी वाढवत बसले.

डॉक्टरांनी नसा तपासल्या, रक्त तपासलं, काही निघालं नाही. त्यांनीच या बाईंचा पत्ता दिला. दाढी म्हणजे दुकानाचा अर्धा धंदा. ती गेली तर एका माणसाने दोन खुर्च्यांचं दुकान चालवायचं कसं, या काळजीने त्याची झोप उडाली होती. म्हणून आला, नाहीतर मेला असता तरी आला नसता.

"इथे तुम्ही जे बोलाल ते इथेच राहील," बाई म्हणाल्या. "तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मला कुणाला सांगावं लागेल, आणि तेही आधी तुम्हाला सांगून."

त्याला हे खरंच वाटेना. त्याच्या खुर्चीत सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत चार गल्ल्या फिरून यायचं.

"कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. मी औषध देत नाही, सल्लाही फारसा देत नाही. सुरुवातीला कदाचित आधीपेक्षा जास्त अस्वस्थ वाटेल. तसं झालं तर सांगा. यायचं बंद करावंसं वाटलं तर तेही सांगा. फक्त न सांगता गायब होऊ नका."

"किती वेळा यावं लागेल?"

"आत्ता नक्की नाही सांगता येणार. पाच-सहा वेळा भेटू, मग दोघं मिळून ठरवू."

याला काय अर्थ आहे? केस किती कापायचे ते आधी ठरवतात की नाही? तो खुर्चीत चुळबुळ करत राहिला. एक पाय हलत होता, तो थांबवला की दुसरा हलायचा. उजव्या हाताची बोटं मांडीवर रिकामी कात्री चालवत होती. त्यातून बाईंचे केस डाव्या बाजूला बोटभर लांब राहिले होते. कुणा अडाण्याने कापले होते कोण जाणे. पाऊण तास त्याची नजर तिथेच अडकली. बाई मध्येच गप्प बसायच्या. साधंसुधं नाही, चांगली दीड-दोन मिनिटं गप्प. त्याच्या दुकानात इतकी शांतता झाली असती तर लोकांनी आत डोकावून बघितलं असतं.

दुसऱ्या वेळी तो तयारीनिशी गेला. शांतता होऊच द्यायची नाही. एकामागून एक चार गिऱ्हाइकांचे किस्से सांगितले, हातवारे करून, आवाज काढून. बाई दोनदा मनापासून हसल्या. तो खूश. वेळ संपत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आज मला चार माणसं कळली. तुमच्याबद्दल मात्र अजून काहीच कळलं नाही."

घरी येऊन तो भडकला. "नुसती बसून असते ती! विचारते, आणि बसते! असलं काम मीपण करीन!"

"मग करा की," बायको त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आठ महिने झाले, दादांचं नाव या घरात कुणी काढलं तर तुम्ही रेडिओ लावता."

तो ताट तसंच ठेवून उठला.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. सलूनमधली दुसरी खुर्ची दादाची. दादा कमी बोलणारा, आणि हा बोलायचा ते दोघांच्या वाटणीचं. वस्तरा धरायला त्यानेच शिकवलं, फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावून. फुगा दादा धरायचा आणि हा वस्तरा फिरवायचा. फुटला की दादाच्या तोंडावर फेस. तो न चिडता दुसरा फुगा फुगवायचा. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये दादा गेला. चौथ्या दिवशी याने दुकान उघडलं, दादाच्या खुर्चीवर टॉवेलांची चळत ठेवली आणि दिवसभर दुप्पट बोलला. लोक म्हणाले, खंबीर आहे.

तिसऱ्या भेटीच्या आधीचा आठवडा फार वाईट गेला. घरात बसवेना, दुकानात उभं राहवेना. शटर अर्ध्यावर ओढून तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचा, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. गिऱ्हाईक बोलायला लागलं की चीड यायची. बाईंनी सांगितलं होतं तसंच होत होतं, आणि त्यामुळे त्याला बाईंचाच जास्त राग आला. आता बस झालं. न सांगता गायब होऊ नका म्हणाल्या होत्या ना? ठीक आहे, सांगून गायब होतो.

तो खोलीत गेला तो बसलाच नाही. खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला, तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीकडे बघत बोलायला लागला. "मॅडम, तुम्ही माणूस चांगल्या आहात, पण मला हे जमायचं नाही. माझा हात थरथरतोय आणि तुम्ही मला गप्पा मारायला लावता. मला वस्तरा धरता आला की झालं, बाकी मला काही नको. मी तेवढंच सांगायला आलोय, आणि…"

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तुमचे हात काय करताहेत?"

त्याने खाली बघितलं. त्याचे हात रिकाम्या खुर्चीत बसलेल्या कुणाच्या तरी गळ्याभोवती कापड बांधत होते. मागून गाठ मारून, कॉलर आत सारून, अगदी व्यवस्थित.

"कोण बसलंय?"

विनोद करायची ही नामी संधी होती. तोंड उघडलंही. पण विनोद आला नाही.

"दादा," तो म्हणाला.

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही, आणि या वेळी त्याने ती शांतता मोडली नाही.

"ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी त्याची दाढी केली. दवाखान्यात, कॉटवरच. निम्म्या गालाला फेस होता. तो म्हणाला, मला भीती वाटतेय रे. असं तो जन्मात कधी बोलला नव्हता, मॅडम. लहानपणी कुत्रा चावला तेव्हासुद्धा नाही." त्याची बोटं खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाली. "मी म्हणालो, काळजी करू नकोस दादा, डॉक्टरने जास्त कापलं तर मी आहे ना बाहेर, तुरटी घेऊन उभा राहतो."

बाई हसल्या नाहीत.

"तो हसला," तो म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून हसला. मग मी उरलेली दाढी केली आणि ते त्याला घेऊन गेले."

त्याला वाटलं, आता बाई म्हणतील, तुमची काही चूक नाही. सगळे तेच म्हणाले असते. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?"

"मला?" हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. "मी तर त्याच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो."

"दादांना ते माहीत होतं?"

"कसं माहीत असणार? अठ्ठावीस वर्षं जगभराचं बोललो मी, आणि तेवढं एक बोललो नाही. मलापण भीती वाटतेय, एवढंच तर म्हणायचं होतं. एकटाच घाबरून गेला तो."

त्याने डोळे बाहीला पुसले. ते पुरेना, तेव्हा त्या डब्यातले रुमाल घेतले, एक नाही, पाच-सहा. यायचं बंद करतोय हे सांगायचं राहूनच गेलं.

एका रडण्याने हात सुटत नाही. चौथ्या वेळी तो पाऊण तास दादावरच चिडला, छातीत दुखतंय हे वर्षभर लपवलं म्हणून. पाचव्या वेळी फुग्यांचं सांगितलं. सहाव्या वेळी मिटलेला वस्तरा खिशात घालून नेला आणि नुसता हातात धरून बसला. हात कापत होता. बाईंनी विचारलं, "थांबायचं की अजून यायचं?" तो म्हणाला, "येतो." मग जाता जाता दारात वळून म्हणाला, "आणि मॅडम, तुमची डावी बाजू लांब आहे."

त्याच आठवड्यात एका दुपारी पोस्टमास्तर दुकानात येऊन बसले. दाढी शर्टाच्या कॉलरला टेकली होती. "आता नातवंडं मला ओळखत नाहीत," ते म्हणाले. "काय ते आज कर."

त्याने दाढी कात्रीने उतरवली. ब्रशने फेस केला, गालांना लावला. वस्तरा खिळ्यावरून काढला, धारेच्या चामडी पट्ट्यावर चार वेळा फिरवला. पाणी प्यायला. बाहेर जाऊन आला. पुन्हा पट्ट्यावर फिरवला. तोंडातून एक शब्द नाही.

"काय रे रेडिओ, आज बंद कसा?"

त्याने आरशातली नजर काढली आणि खुर्चीला वळसा घालून तो थेट पोस्टमास्तरांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. हातातला वस्तरा थरथरत होता आणि तो लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

"काका, मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

पोस्टमास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. मग वस्तऱ्याकडे बघितलं.

"मलापण रे," ते म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी हनुवटी वर केली.