तात्यांनी वीणा का सोडली

वालूरच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसला की वीणा धरून उभं राहायचा दुपारचा पहारा बन्सीतात्यांचा असायचा. सप्ताहभर वीणा खाली ठेवायची नसते. पुढचा माणूस आला की मगच ती हातातून सुटते. उन्हात गाव पेंगायचं. तात्या उभे. मी खांबाला टेकून ऐकायचो. पहारा संपला की गूळ-शेंगदाणे देत विचारायचे, "काय कळलं रं अभंगातलं?" तिथून आमची दोस्ती. पुढे मी साहित्यात पदवी घेतली, ती बहुधा त्या शेंगदाण्यांमुळे.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी वीणा सोडली. "गुडघे दुखायलेत," म्हणाले. मग एसटीत बसेनात, लग्नांना जाईनात. गप्पांतूनही मधेच उठायचे. मला वाटलं, माझा कंटाळा आला.

यंदा माघात एका सकाळी त्यांच्या घरच्या, सुमनकाकू, धावत आल्या. तात्यांचं ओटीपोट फुगलं होतं. लघवी पार तुंबली होती. रिक्षाने सेलूला नेलं. डॉक्टरांनी नळी घातली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

"कधीपासून त्रास?" डॉक्टरांनी तात्यांना विचारलं.

"लय वर्सं झाली. धार बारीक. जाऊन आलं की पुन्हा लागायची. वीणा हातात, कुणाला सांगावं? म्हणून पाणीच तोडलं. आत न्हाई गेलं तर येईल कुठून?"

एवढी वर्षं शेजारी बसून मला काहीच कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं. वयाबरोबर मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, लघवीची वाट दाबते. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, जळजळ वाढते. बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो, काहींना ऑपरेशन लागतं. "तुंबली किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी यायचं."

तात्यांनी एवढंच विचारलं, "वीणा धरता येईल का?"

"येईल. पण लागली की जायचं. दाबून ठेवायची नाही."

चैत्रात सप्ताह बसला. तात्या दुपारी उभे राहिले. थोड्या वेळाने जवळ बसलेल्या, वयानं थोरल्या वारकऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "दिनकरराव, धरा. लघवीला जायचंय."

बायकांत हसू फुटलं. टाळकऱ्यांतले दत्तराव म्हणाले, "म्हातारपणी लाज सोडली ह्यानं."

"सोडली. पोट फुगण्यापरीस बरं."

हातपाय धुऊन ते परत आले. दिनकररावांनी वीणा लगेच दिली नाही. जवळ सरकून हळूच विचारलं, "सेलूचा तुझा डॉक्टर कोणता रं?"